प्रोसेसर वाढवले, बुडबुडे दुप्पट झाले : आयनांबराच्या एका अंदाज-मॉडेलचं प्रकरण

गट कुठला, स्थानक कुठलं, वापरकर्ते कोण हे तपशील मुद्दाम काढून टाकले आहेत. बाकी घटनांचा क्रम जसा होता तसाच ठेवला आहे, आमच्या चुकांसकट.

पार्श्वभूमी

चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास सूर्य मावळला की आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित कणांच्या पट्ट्याचा) खालचा ई थर भराभर विरतो. तिथले आयन रेणूंचे असतात आणि इलेक्ट्रॉनशी त्यांचा पुनःसंयोग झटपट होतो. वरचा एफ थर मात्र टिकून राहतो. त्याच सुमारास पूर्वेकडे रोख असलेलं विद्युतक्षेत्र, दिशा उलटण्याआधी, थोडा वेळ उसळी घेतं आणि एफ थराला वर उचलतं. आता वर दाट प्लाझ्मा (आयन आणि इलेक्ट्रॉन यांचं मिश्रण) आणि खाली जवळपास रिकामी जागा. तेलावर पाणी ओतावं तशी ही अवस्था असते. तळाला कुठे किंचित सुरकुती असली तर ती वाढत जाते, खालचा विरळ प्लाझ्मा बुडबुड्यासारखा वर घुसतो आणि कधी कधी हजार किलोमीटरच्याही पलीकडे पोचतो. बुडबुडा पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांच्या बाजूने दोन्ही गोलार्धांत ताणला जातो. त्याच्या पोटात आणि कडांवर किलोमीटरपासून मीटरपर्यंतच्या मापाची खळबळ असते. त्यातली साधारण चारशे मीटरच्या आसपासची खळबळ जीपीएसच्या मुख्य लहरीला नडते. सिग्नल लुकलुकतो, आणि फार झालं तर रिसीव्हरच्या हातून सुटतो.

यातलं काहीच नवं नाही. पेरूतल्या हुआन्कायोच्या नोंदींमध्ये एफ थराचे 'पसरलेले' प्रतिध्वनी बुकर आणि वेल्स यांनी १९३८ साली दाखवले. डंजी यांनी १९५६ मध्ये त्याला रेली-टेलर अस्थिरतेचं, म्हणजे जड थर हलक्या थरावर बसल्याने येणाऱ्या अस्थिरतेचं, कारण दिलं. पेरूतल्याच हिकामार्काच्या रडारवर बुडबुड्यांचे उंच तुरे वुडमन आणि ला होझ यांनी १९७६ मध्ये दाखवले, आणि त्याच वर्षी पहिलं संगणकीय सिम्युलेशनही छापून आलं. बुडबुडा कसा वाढतो, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. 'आज संध्याकाळी येईल का?' हा प्रश्न मात्र अजून छळतो.

आम्ही पाच जण. काम असं की रोज दुपारी पुढच्या रात्रीसाठी लाल, पिवळा किंवा हिरवा दिवा द्यायचा. वापरकर्त्यांत रात्री बोटीवरून पाण्याखालचा तळ मोजणारे सर्वेक्षक होते, उपग्रह-संपर्क सांभाळणारे होते. मॉडेल त्रिमितीय, पूर्व-पश्चिम ३२ अंश रेखांश व्यापणारं. त्यात ६४० स्तंभ, म्हणजे दर सहा किलोमीटरला साधारण एक. हे ६४० स्तंभ आठ प्रोसेसरांत वाटलेले, प्रत्येकाकडे ऐंशी. वातावरणाची घनता एमएसआयएस या तयार मॉडेलमधून, वारे एचडब्ल्यूएम या दुसऱ्या तयार मॉडेलमधून, आणि थर वर चढण्याचा वेग जुन्या मोजमापांच्या सरासरीवरून घेतलेला. ही तिन्ही सरासरीचीच मॉडेल आहेत हे आम्हाला माहीत होतं. त्याचा अर्थ काय, याचा विचार मात्र केला नव्हता.

सुरुवातीला मॉडेलमधून बुडबुडे उगवतच नव्हते. प्लाझ्मा वाहून नेण्याचं गणित साध्या, पहिल्या कोटीच्या पद्धतीने होतं आणि ते सगळं पुसट करून टाकायचं. मग आम्ही कमी पुसट करणारी, प्रवाह मर्यादित ठेवणारी उच्च कोटीची पद्धत घातली, आणि पहिल्याच रनमध्ये अप्रतिम बुडबुडे आले. ओळीने आठ, एकमेकांपासून साधारण पावणेपाचशे किलोमीटरवर. प्रत्यक्षातही बुडबुड्यांमधली अंतरं काही शे किलोमीटर असतात. आम्ही खूश झालो, भिंतीवर चित्र लावलं. ते चित्र अजून आहे, फक्त आता वेगळ्या कारणासाठी.

अडचण

आमच्या रेखांशावर चुंबकीय दिक्पात (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) शून्याच्या जवळ आहे, त्यामुळे बुडबुड्यांचे हंगाम दोन, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. सायंकाळची सीमारेषा त्या दिवसांत चुंबकीय बलरेषांना समांतर येते आणि ई थर दोन्ही टोकांना एकदमच विझतो. ब्राझीलकडे दिक्पात मोठा पश्चिमेकडे आहे, म्हणून तिथला भर डिसेंबरच्या आसपास. हे गणित सुनोदा यांनी १९८५ मध्ये मांडलं. सौर चक्र २५ (सूर्याच्या सक्रियतेचं सुमारे अकरा वर्षांचं चक्र) तेव्हा चढतीवर होतं, म्हणजे सायंकाळची उसळीही जोरदार.

मार्चभर आमचा लाल दिवा लागत राहिला आणि रात्री बुडबुडेही येत राहिले. अहवालात आम्ही 'बहुसंख्य रात्री अंदाज बरोबर' असं लिहिलं. खोटं नव्हतं ते. पण अशा महिन्यात डोळे मिटून रोज 'हो' म्हणणाराही जवळपास तितकाच पास होतो.

मे महिन्यात बिंग फुटलं. रात्री शांत व्हायला लागल्या, दिवा लालच राहिला. सर्वेक्षणवाल्यांच्या प्रमुख मॅडम एका बैठकीत म्हणाल्या, "तुमचा दिवा रोजच लाल असेल तर दिवा कशाला, भिंतच लाल रंगवा ना." लाल दिवा लागला की त्यांची बोट रात्री निघत नसे. निघाली नाही तरी माणसांचे पैसे द्यावेच लागत. आमच्या एका खोट्या इशाऱ्याची किंमत त्यांच्याकडे रुपयांत मोजली जात होती, आमच्याकडे अहवालात एक खूण जात होती.

पहिला निर्णय, चुकीच्या निदानावरचा

माझं निदान असं की मॉडेलची जाळी जाड आहे, म्हणजे स्तंभांमधलं अंतर जास्त आहे, बारीक केली की मॉडेल शहाणं होईल. सिम्युलेशन करणाऱ्या माणसाची ही जुनी सवय आहे. जे काही बिघडेल त्याचं खापर जाळीवर फोडायचं. बारीक जाळीला जास्त प्रोसेसर लागणार, म्हणून आधी जुनीच संध्याकाळ, जुन्याच जाळीवर, सोळा प्रोसेसरांवर चालवून वेळ किती वाचतो ते बघू असं ठरलं. काम गटातल्या सर्वांत नव्या मुलीकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, वेळ जवळजवळ निम्मा झालाय. पण बुडबुडे सोळा झालेत."

मी म्हणालो, "प्लॉटचा स्केल बघ."

स्केल बरोबर होता. तिने मग चित्रावर उभ्या रेघा मारल्या, जिथे एका प्रोसेसरचा तुकडा संपून दुसऱ्याचा सुरू होतो तिथे. प्रत्येक रेघेवर एक बुडबुडा बसला होता. तिने आठ प्रोसेसरांच्या जुन्या रनवर तशाच रेघा मारल्या. तिथेही तेच. भिंतीवरच्या चित्रावर पेन्सिलीने मारल्या, तिथेही तेच.

निसर्गाला आमच्याकडे प्रोसेसर किती हे ठाऊक असण्याचं कारण नाही.

नेमकं काय बिघडलं होतं

प्रत्येक तुकड्याला शेजाऱ्याच्या काठावरचे दोन-तीन स्तंभ उसने लागतात. ते प्रत्येक पावलाला ताजे करून घ्यायचे असतात. नवी पद्धत घालताना घनतेची ही देवाणघेवाण चुकून अर्ध्या पावलाआधीच होत होती. म्हणजे काठावरची घनता कायम किंचित शिळी. फरक हजारात एक भागाचा, तक्त्यात बघून कळणारच नाही असा.

पण अस्थिरतेला तेवढं पुरतं. जोरदार संध्याकाळी वाढीचा दर सेकंदाला हजारातल्या एका भागाच्या आसपास असतो. म्हणजे दर १७ मिनिटांनी क्षोभ साधारण २.७ पट. सहा वेळा असं झालं की सुमारे चारशे पट. हजारात एकाचा क्षोभ पावणेदोन तासांच्या आत ४० टक्क्यांवर जातो आणि पुढे त्याला कोणी थांबवत नाही. जुन्या पुसट पद्धतीत ही शिळी कड पावलागणिक पुसली जायची, म्हणून ती कधी दिसली नाही. ज्या सुधारणेबद्दल आम्ही पाठ थोपटून घेतली, तिनेच चुकीला वाढायला मोकळं रान दिलं. आणि शिळी कड रोज होती, म्हणून बुडबुडेही रोज.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती ओळ चार ओळी खाली हलवली. पुन्हा रन केला तर मॉडेल गुळगुळीत. रात्रभर एक सुरकुती नाही. मार्चमधल्या ज्या रात्री आकाशात धुमाकूळ होता, त्याही रात्री मॉडेलमध्ये सन्नाटा.

दुसरा निर्णय: सांगायचं की नाही

यावर गटात चांगलाच वाद झाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, गुपचूप दुरुस्त करू, अंदाज चालू ठेवू, कोणाच्या लक्षात येणार नाही. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. मार्चचे अंदाज तसेही बरोबर निघाले होते. पण मेमध्ये ज्यांची बोट उभी राहिली त्यांना कारण कळायला हवं होतं. आम्ही तीन आठवडे दिवा बंद ठेवला आणि साध्या भाषेत नोटीस काढली की मॉडेलमध्ये चूक सापडली आहे, आधीचे लाल इशारे बुडबुडे मोजून दिलेले नव्हते. एक वापरकर्ता त्यानंतर परत आला नाही. बोटीवाल्या मॅडमनी मात्र स्वतःच्या रात्रीच्या नोंदी पाठवल्या, कुठल्या वेळी किती उपग्रह सुटले ते. त्या नोंदी पुढे फार उपयोगी पडल्या.

पर्याय

आता खरा प्रश्न समोर आला. बुडबुड्याला बीज लागतं. चुकीचं बीज काढून टाकलं, खरं कुठून आणायचं?

खरं बीज बहुधा खालच्या वातावरणातून येतं. गडगडाटी ढगांच्या वर उठणारे गुरुत्व तरंग वर चढत जातात आणि एफ थराच्या तळाला सुरकुती पाडतात. (कृष्णविवरांच्या गुरुत्वीय लहरींशी याचा संबंध नाही, नावाच्या गोंधळामुळे आम्हाला एकदा भलत्याच परिषदेचं निमंत्रण आलं होतं.) हे तरंग रोज त्या उंचीवर मोजण्याची सोय आमच्याकडे नव्हती.

एक मार्ग म्हणजे रोज हाताने बीज पेरणं, समजा पाच टक्क्यांचं. बरेच संशोधक तसंच करतात आणि त्यांच्या प्रश्नाला ते योग्यही आहे, कारण त्यांना बुडबुडा कसा वाढतो हे बघायचं असतं. आम्हाला 'येईल का' हे सांगायचं होतं. बी रोज पेरायचं आणि रोज उगवलं म्हणून सांगायचं, म्हणजे प्रोसेसरची कड काढून तिथे स्वतःचा हात ठेवण्यासारखं.

दुसरा मार्ग जमिनीपासून आयनांबरापर्यंतचं अख्खं वातावरण एकत्र चालवण्याचा. २०२० मध्ये ह्यूबा आणि ल्यू यांनी आयनांबराचं सॅमी-३ आणि अख्ख्या वातावरणाचं वॅकम-एक्स ही मॉडेल जोडून, बीज न पेरता बुडबुडे उगवलेले दाखवले. मोह झाला. पण तेवढी यंत्रणा पाच जणांच्या गटाला झेपणारी नव्हती, आणि दुपारी तीनला निघायचा अंदाज मध्यरात्री तयार झाला असता.

तिसरा मार्ग बुडबुडा बघायचाच नाही, फक्त जमीन सुपीक आहे का ते बघायचं असा होता. म्हणजे बलरेषेच्या पूर्ण लांबीवर बेरीज करून अस्थिरतेचा वाढीचा दर काढायचा. हे सूत्र सुल्तान यांनी १९९६ मध्ये नीट मांडलं. थर वर चढण्याचा वेग, गुरुत्व, तळाच्या घनतेचा उतार हे दर वाढवतात, वारा दिशेप्रमाणे वाढवतो किंवा घटवतो, टकरी आणि पुनःसंयोग तो कमी करतात, आणि ई थर जिवंत असेल तर तो सगळ्यावर ब्रेक लावतो. स्वस्त आणि प्रामाणिक. पण वापरकर्त्याला 'दर' देऊन काय उपयोग?

चौथा मार्ग अनेक रनचा. बीजाचा आकार आणि चढण्याचा वेग, दोन्ही थोडे थोडे बदलून एकाच संध्याकाळचे वीस-पंचवीस रन करायचे आणि त्यातल्या किती रनमध्ये बुडबुडा एफ थराच्या शिखरापलीकडे गेला ते मोजायचं.

पाचवा मार्ग कोणाला आवडला नाही, पण मी तो फळ्यावरून पुसू दिला नाही. मॉडेल नकोच, ऋतूचा तक्ता आणि 'काल आला तर आजही येईल' एवढ्यावर अंदाज द्यायचा. बाकीच्या चारांनी याला हरवून दाखवावं.

निर्णय एका गणिताने झाला. बीज दहापट लहान धरलं तर बुडबुडा किती उशिरा येतो? जोरदार वाढीच्या दराला ४० मिनिटांच्या आसपास. आणि दर निम्मा झाला तर? मग वेळ दुप्पट लागतो, आणि तेवढ्यात सायंकाळची उसळी संपून थर खाली यायला लागतो, म्हणजे बुडबुडा येतच नाही. बीजाच्या अज्ञानापेक्षा चढण्याच्या वेगाचं अज्ञान जास्त महाग होतं, आणि चढण्याचा वेग आम्ही सरासरीच्या तक्त्यातून घेत होतो. म्हणजे रोजच्या रोज बदलणारी एकमेव निर्णायक गोष्ट आम्ही वर्षभर सरासरीला बांधून ठेवली होती.

काय केलं

तिसरा आणि चौथा मार्ग जोडला. वाढीचा दर रोज काढायचा, आणि तो काठावरचा असेल त्याच संध्याकाळी अनेक रन चालवायचे. वेग मात्र आयनोसोंडने (वर रेडिओ लहरी सोडून प्रतिध्वनीवरून थराची उंची मोजणाऱ्या यंत्राने) मोजायचा, सूर्यास्तानंतर थराचा तळ किती झपाट्याने उचलला जातो ते बघून.

इथे आणखी एक ठेच लागली. तळ तीनशे किलोमीटरच्या खाली असेल तर तो वर 'चढताना' दिसतो, पण त्यातला बराच भाग प्रत्यक्ष चढण्याचा नसतो. खालचा प्लाझ्मा पुनःसंयोगाने नाहीसा होत असतो, म्हणून तळ वर सरकल्यासारखा वाटतो. आम्ही पहिले दोन आठवडे ही वजाबाकी केली नाही आणि पुन्हा लाल दिव्यांचा पाऊस पडला. या वेळी मात्र चार दिवसांतच शंका आली. माणूस सुधारतो.

मोजलेला वेग वापरायचा तर अंदाज दुपारी देता येत नाही. बोट संध्याकाळी सहाला निघते, थराची उसळी त्यानंतर कळते. या पेचावर उत्तर मॅडमनीच दिलं. दुपारी फक्त 'तयारी ठेवा की नको' एवढं सांगा आणि रात्री आठला पक्कं. आठला हिरवा दिवा मिळाला तर आम्ही नऊला निघू. आम्ही वर्षभर एकाच वेळी एकच दिवा देत होतो, कारण तसं कोणी विचारलं नव्हतं आणि आम्हीही त्यांना विचारलं नव्हतं.

तिसरी गोष्ट 'बुडबुडा आला' म्हणजे काय हे लेखी ठरवलं. तळाशी नुसता पसरलेला प्रतिध्वनी दिसला तर तो धरायचा नाही, कारण त्याने जीपीएसचं फारसं बिघडत नाही. क्षितिजापासून ३० अंशांच्या वरच्या निदान दोन उपग्रहांवर सिंटिलेशनचा, म्हणजे सिग्नलच्या लुकलुकीचा, एस-४ निर्देशांक ०.३ च्या पुढे गेला, तरच आला.

निष्पन्न

पुढच्या मार्चमध्ये नव्या पद्धतीने फारसा फरक पडला नाही. त्या महिन्यात ऋतूच्या तक्त्याला हरवणं कठीणच असतं. फरक दिसला तो एप्रिलअखेर आणि मेमध्ये. खोटे लाल दिवे उघड कमी झाले आणि बोट बाहेर पडायला लागली. मे २०२४ मधल्या मोठ्या भूचुंबकीय वादळाच्या वेळी आम्ही 'आज अंदाज नाही' असं लिहून दिवा राखाडी ठेवला. वादळात बाहेरून शिरणारं विद्युतक्षेत्र थराला अचानक उचलू शकतं, आणि काही तासांनी वादळानेच बदललेले वारे त्याला दाबूनही ठेवू शकतात. शांत दिवसांच्या वाऱ्यांवर चालणाऱ्या आमच्या मॉडेलला यातलं काहीच कळत नाही.

चुकलोही. एका रात्री आठला हिरवा दिवा दिला. अकराच्या सुमारास पश्चिमेकडचे उपग्रह लुकलुकायला लागले, मग डोक्यावरचे, मग पूर्वेचे. बुडबुडा आमच्याकडे जन्मलाच नव्हता, पश्चिमेहून वाहत आला होता. आमचं मॉडेल १६ अंश पश्चिमेपर्यंत पसरलेलं आहे, पण आमच्याच आयनोसोंडने मोजलेला वेग आम्ही सगळ्या ३२ अंशांना लावत होतो. आमच्याकडे थर शांत, म्हणजे तिकडेही शांत असं धरून चाललो होतो. बोट त्या रात्री बाहेर होती.

आता काय वेगळं करू

प्रोसेसरांची संख्या बदलून उत्तर बदलतं का, हे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. अर्ध्या दिवसाचं काम. आता कोडमध्ये काहीही बदललं की आठ आणि सोळावर एकच संध्याकाळ चालवून फरक बघतो. गटात त्याला 'आठ-सोळा' म्हणतात. बीज न पेरता चालवलेलं मॉडेल गप्प राहतं का, हेही सोबत बघतो. सुंदर दिसणाऱ्या निकालावर शंका घ्यायला आम्ही नव्या मुलीची वाट बघितली, आणि तिनेही आधी तीनदा रन तपासूनच तोंड उघडलं, हे मला अजून टोचतं. 'स्केल बघ' हे माझं उत्तर तिला अपेक्षितच होतं म्हणे.

ऋतूच्या तक्त्याशी तुलना पहिल्या महिन्यापासून ठेवली असती तर मार्चच्या अहवालातलं ते वाक्य लिहायला हात धजावला नसता. जाळी बारीक करण्याबद्दल मात्र माझं मत पूर्ण बदललेलं नाही. सहा किलोमीटरच्या जाळीत चारशे मीटरची खळबळ दिसत नाही, त्यामुळे लुकलुक किती तीव्र असेल ते आम्ही आजही सांगत नाही.

पश्चिमेच्या प्रश्नावर एक सोय झाली आहे. आमच्यापासून १२ अंश पश्चिमेला एक आयनोसोंड आहे. तिथे सूर्य आमच्यानंतर ४८ मिनिटांनी मावळतो, आणि तिथला बुडबुडा सेकंदाला शंभर मीटरने वाहत आला तर आमच्या डोक्यावर यायला जवळपास चार तास लागतात. त्यांची फाईल दर पंधरा मिनिटांनी यायची ठरली आहे. सध्या कधी येते, कधी येत नाही. ज्या संध्याकाळी येत नाही त्या संध्याकाळी नकाशाच्या पश्चिमेकडच्या भागात आम्ही राखाडी रंग भरतो आणि बोटीवर फोन करून तसं सांगतो.